बॅटरी भरलेली असूनही इलेक्ट्रिक गाडी का अडते?

महाराष्ट्र सरकारने एप्रिल २०२५ मध्ये नवे इलेक्ट्रिक वाहन धोरण मंजूर केले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग व समृद्धी महामार्ग या तीन रस्त्यांवर इलेक्ट्रिक मोटारींना टोल माफ झाला. किलोमीटरमागे पेट्रोलच्या तुलनेत किती पैसे वाचतात, हे आता कोणाला समजावून सांगावे लागत नाही. कोकणात मात्र गाडी घेण्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न वेगळाच येतो. पुण्यात गाडी बंद पडली तर कंपनीचा माणूस तासाभरात येईल; राजापूरच्या पुढे आडवाटेवरच्या वाडीत, आषाढातल्या पावसात ती बंद पडली तर कोण बघणार? हा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि "इलेक्ट्रिक गाडीत बिघडण्यासारखे काही नसतेच" हे विक्रेत्याचे ठरलेले उत्तर त्याला पुरत नाही. बिघडण्यासारखे पुष्कळ असते, पण ते आपल्या सवयीच्या जागी नसते, आणि त्यातले बरेचसे तर गाडीच्या बाहेर, आपल्या घरच्या भिंतीत आणि अंगणातल्या जमिनीत असते.

दोन पाहण्या, दोन उलटे निष्कर्ष

अमेरिकेतील 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' ही ग्राहकसंस्था दरवर्षी गाडीमालकांकडून त्यांच्या तक्रारी मागवते. तिच्या २०२३ च्या अहवालानुसार इलेक्ट्रिक गाड्यांत पेट्रोल गाड्यांपेक्षा सरासरी ७९ टक्के जास्त तक्रारी आढळल्या; २०२४ मध्ये हा फरक ४२ टक्क्यांवर आला. दुसरीकडे जर्मनीतील 'एडीएसी' हा मोटारमालकांचा क्लब रस्त्यात अडलेल्या गाड्यांना मदत पाठवतो आणि त्याची मोजदाद ठेवतो. त्याच्या २०२४ च्या आकडेवारीत, २०२० ते २०२२ या काळात नोंदणी झालेल्या पेट्रोल-डिझेल गाड्यांपैकी हजारी १०.४ गाड्या रस्त्यात अडल्या, तर इलेक्ट्रिक गाड्यांपैकी हजारी ४.२.

दोन्ही निष्कर्ष खरे आहेत, कारण दोघांनी वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या आहेत. अमेरिकेतल्या पाहणीत स्क्रीन गोठणे, चार्जिंग मध्येच थांबणे, एसी नीट न चालणे अशी प्रत्येक कटकट धरली जाते. जर्मनीत मेकॅनिकला रस्त्यावर बोलवावे लागले तेवढेच धरले जाते. म्हणजे इलेक्ट्रिक गाडीच्या बारीकसारीक तक्रारी जास्त, पण रस्त्यात पूर्ण अडण्याचे प्रसंग कमी, असा याचा अर्थ होतो. यात भर एका गोष्टीची घालावी लागते. बहुतेक इलेक्ट्रिक मॉडेल्स नव्याने आखलेली आहेत आणि कोणत्याही नव्या मॉडेलचे पहिले एकदोन वर्षांतले नग जास्त कुरकुर करतात, मग ते पेट्रोलवर चालोत की विजेवर. कोकणातल्या गिऱ्हाइकाने मात्र बारीक तक्रारींना कमी लेखू नये. जर्मनीत अर्ध्या तासात मिटणारी अडचण इथे दोन दिवस गाडी उभी ठेवू शकते, कारण तिच्यासाठी लागणारा लॅपटॉप आणि तो चालवणारा माणूस दोन्ही जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा घाटावर असतात.

गाडीच्या पोटात काय असते

चाके फिरवणारी मोटर, गाडीच्या तळाशी बसवलेली मोठी बॅटरी आणि दोहोंमध्ये वीज हवी तशी बदलून देणारा इन्व्हर्टर, हा मुख्य संच. मोठ्या बॅटरीत अनेक सेल एकापुढे एक जोडलेले असतात, त्यामुळे एकूण दाब बहुतेक गाड्यांत तीनशे ते चारशे व्होल्टच्या आसपास जातो. या सेलचे व्होल्टेज आणि तापमान सतत तपासणारे नियंत्रण असते, त्याला बीएमएस म्हणतात. घरच्या सॉकेटमधली एसी (दिशा सतत बदलणारी) वीज बॅटरीला लागणाऱ्या डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या) विजेत बदलणारा चार्जर गाडीतच असतो. आपण भिंतीवर लावतो ती पेटी म्हणजे मुख्यतः सुरक्षा सांभाळणारा आणि गाडीशी बोलणारा स्विच. महामार्गावरच्या फास्ट चार्जरमध्ये हे रूपांतर बाहेरच होते, म्हणून तो आकाराने कपाटाएवढा असतो.

यांतली मोटर फार क्वचित बिघडते. इंजिन ऑइल, क्लच, टायमिंग बेल्ट, इंजेक्टर यांपैकी काहीच नसल्याने त्यांचे खर्चही नाहीत. हा विक्रेत्याच्या बोलण्यातला खरा भाग आहे. राहिलेला भाग पुढे पाहू.

बारा व्होल्टची छोटी बॅटरी

पेट्रोल गाडीत असते तशीच एक छोटी बारा व्होल्टची बॅटरी इलेक्ट्रिक गाडीतही असते, हे अनेक मालकांना ती संपेपर्यंत ठाऊक नसते. दारांची कुलुपे, दिवे, वायपर, स्क्रीन आणि गाडीतले सगळे संगणक हिच्यावर चालतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मोठ्या बॅटरीचे उच्च दाबाचे स्विच, ज्यांना कॉन्टॅक्टर म्हणतात, तेही हिच्याच विजेने जोडले जातात. गाडी बंद असताना सुरक्षेसाठी हे स्विच उघडे ठेवलेले असतात. छोटी बॅटरी उतरली की ते जोडले जात नाहीत, आणि मोठी बॅटरी नव्वद टक्के भरलेली असूनही गाडीचा स्क्रीनसुद्धा उजळत नाही. विहीर पाण्याने तुडुंब भरलेली, पण पंपाचा स्टार्टर जळलेला, तशी ही स्थिती आहे.

एडीएसीच्या त्याच आकडेवारीत इलेक्ट्रिक गाड्या अडण्याच्या सुमारे निम्म्या प्रसंगांचे कारण ही छोटी बॅटरी होते. पेट्रोल-डिझेल गाड्यांतही तिचा वाटा जवळपास तेवढाच आहे, पण एक फरक आहे. पेट्रोल गाडीची बॅटरी थकली की सकाळी स्टार्टर घरघरतो, इंजिन दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नाला उठते, आणि मालकाला आठवडाभर आधी अंदाज येतो. इलेक्ट्रिक गाडीत स्टार्टर नाही. बॅटरीला एकदम मोठा प्रवाह द्यावा लागत नाही, म्हणून ती अगदी मरणपंथाला लागेपर्यंत काही जाणवत नाही. रात्री गाडी व्यवस्थित लावलेली असते आणि सकाळी दारही उघडत नाही.

कोकणात ही अडचण जास्त येण्याचे एक साधे कारण आहे. चाकरमान्यांच्या कितीतरी गाड्या गावच्या घरी पडवीत आठवडेच्या आठवडे उभ्या असतात. उभ्या गाडीतही मोबाइल ॲपशी संपर्क ठेवणारे यंत्र आणि चोरीचा अलार्म थोडीथोडी वीज घेत राहतात. बऱ्याच गाड्या अधूनमधून मोठ्या बॅटरीतून छोटीला आपोआप भरून घेतात, सगळ्या घेत नाहीत. आपली घेते का, हे माहितीपुस्तिकेत पाहून घ्यावे. घेत नसेल तर गाडी दर आठ-दहा दिवसांनी अर्धा तास चालू ठेवणे हा साधा उपाय आहे. शिसे-आम्लाची छोटी बॅटरी तीन-चार वर्षांनी, ती चालत असली तरी, पावसाळ्याआधी बदलावी. मोठ्या दुरुस्त्यांच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. दार हाताने उघडायची किल्ली चावीच्या रिमोटमध्ये कुठे दडवलेली आहे आणि छोटी बॅटरी बॉनेटखाली आहे की डिकीत, हेही घरातल्या प्रत्येक चालकाला माहीत असले पाहिजे. दुसऱ्या गाडीवरून वायर लावून या बॅटरीला उठवता येते. आपल्या इलेक्ट्रिक गाडीवरून दुसऱ्याची पेट्रोल गाडी चालू करून देण्याचा परोपकार मात्र कंपनीची स्पष्ट परवानगी नसेल तर करू नये.

छोटी बॅटरी चांगली असूनही ती भरणारे यंत्रच बिघडले तर गाडी चालता चालता शक्ती गमावते. हा दोष कल्पनेतला नाही. ह्युंदाई आयोनिक ५ आणि किआ ईव्ही६ या गाड्यांत चार्जिंगचे काम एकत्र पाहणाऱ्या 'आयसीसीयू' नावाच्या भागात असा दोष आढळला आणि २०२४ साली भारतात आयोनिक ५ च्या १,७४४ व ईव्ही६ च्या १,१३८ गाड्या तपासणीसाठी परत बोलावण्यात आल्या. महागडी गाडी घेतली म्हणजे या यादीतून सुटका होते, असे यावरून तरी दिसत नाही.

मोठी बॅटरी पाच वर्षांत संपते का?

नाही. ज्या भीतीने सर्वाधिक लोक मागे फिरतात, ती भीती आकड्यांवर फारशी टिकत नाही. हजारो गाड्यांची माहिती गोळा करणाऱ्या 'जिओटॅब' या कंपनीने २०२४ मध्ये दाखवले की मोठ्या बॅटरीची क्षमता वर्षाला सरासरी १.८ टक्क्यांनी घटते. म्हणजे एका चार्जमध्ये तीनशे किलोमीटर जाणारी गाडी आठ वर्षांनी अडीचशेच्या थोडी वर जाते. बहुतेक कंपन्या मोठ्या बॅटरीवर आठ वर्षांची किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी देतात. उष्णता आणि कायम पूर्ण भरून ठेवणे या दोन गोष्टी बॅटरीला लवकर म्हातारी करतात. या बाबतीत कोकणची हवा विदर्भाच्या तुलनेत खूपच सौम्य आहे. समुद्रकाठी पारा क्वचितच चाळिशी गाठतो.

फसवतो तो काटा. भारतातल्या अनेक गाड्यांत लिथियम-आयर्न-फॉस्फेट, म्हणजे एलएफपी, प्रकारचे सेल आहेत. ते सुरक्षित आणि टिकाऊ आहेत, पण ८० टक्के भरलेले असोत की ३० टक्के, त्यांचे व्होल्टेज जवळजवळ सारखेच राहते. त्यामुळे किती वीज उरली आहे याचा बीएमएसला नुसत्या व्होल्टेजवरून अंदाज येत नाही. आत गेलेली आणि बाहेर पडलेली वीज मोजून तो हिशेब मांडतो, आणि महिनोन्महिने थोडी-थोडी चूक साचत जाते. मग एखाद्या दिवशी काटा १८ टक्क्यांवरून एकदम ५ वर येतो आणि गाडी संथ चालीत जाते. बॅटरी खराब झालेली नसते, हिशेब चुकलेला असतो. अशा गाडीला कंपनीने सांगितलेल्या अंतराने, साधारणपणे आठवड्या-पंधरवड्यातून एकदा, शंभर टक्क्यांपर्यंत हळू चार्ज केले की हिशेब पुन्हा जुळतो. निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारच्या बॅटरीला मात्र रोज शंभर टक्के भरणे सोसत नाही, तिथे ८० वर थांबावे. आपल्या गाडीत कोणते सेल आहेत हे विचारल्याशिवाय शेजाऱ्याचा सल्ला घेऊ नये.

खरा बिघाड होतो तेव्हा तो बहुधा एखाद्या सेलमध्ये असतो. सेल एकापुढे एक जोडलेले असल्याने एक अशक्त झाला की सगळ्यांना त्याच्या मर्यादेत राहावे लागते आणि गाडीचा पल्ला अचानक घटतो. दर वर्षी थोडी घट झाली तर समजून घ्यावे. महिन्याभरात मोठी घट झाली तर लेखी तक्रार करावी.

अर्थिंग: कोकणातल्या निम्म्या तक्रारींचे मूळ, असे माझे मत

गाडी चार्जिंगला लावली, दिवा हिरवा झाला, क्षणभराने लाल झाला आणि चार्जिंग थांबले. मालक सर्व्हिस सेंटरला फोन करतो, गाडी तिथे नेली की ती व्यवस्थित चार्ज होते, परत आणली की पुन्हा तेच. दोष गाडीत नसून घराच्या अर्थिंगमध्ये आहे, हे कळायला बऱ्याचदा महिना जातो.

अर्थिंग म्हणजे घरातल्या विजेच्या उपकरणांचा धातूचा सांगाडा जमिनीशी जोडणारी वायर. आत काही बिघडून सांगाड्यात वीज आली तर ती माणसाच्या अंगातून न जाता जमिनीत जावी, यासाठी ती असते. पंखा, टीव्ही, फ्रिज अर्थिंग नसतानाही बिनतक्रार चालतात, म्हणून अनेक घरांत ती नावापुरती असते. इलेक्ट्रिक गाडी मात्र चार्जिंग सुरू करण्याआधी अर्थिंग तपासते आणि ते कच्चे असेल तर वीज घेण्याचे नाकारते. गाडीचे हे वागणे बरोबरच आहे.

आपल्या जमिनीची अडचण अशी की जांभा दगड आणि कातळ हे विजेचे वाईट वाहक आहेत. पावसाळ्यात जमीन भिजलेली असते तोवर चालून जाते. उन्हाळ्यात ती कोरडी पडली की अर्थिंग नाहीसे झाल्यासारखे होते. रत्नागिरीजवळ सड्यावर बांधलेल्या एका घरी एप्रिलअखेरीस वायरमनने मीटर लावले तेव्हा फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (ती परत नेणारी तार) यांच्यात २२८ व्होल्ट होते, पण न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातही ४० व्होल्ट दिसत होते. हा आकडा दोन-तीन व्होल्टच्या वर जाऊ नये. अर्थिंगचा खड्डा होता घराच्या मागे, कातळ फोडून जेमतेम गुडघाभर खणलेला, आणि त्यातला कोळसा व मीठ केव्हाच कोरडे पडले होते. उपाय म्हणून घरापासून खाली, पोफळीच्या बागेत बारमाही ओल असते तिथे नवा खड्डा खोल घेतला, तांब्याची प्लेट पुरली आणि तिथून घरापर्यंत पट्टी आणली. मीटरवरचा आकडा दीड व्होल्टवर आला आणि त्याच संध्याकाळी गाडीने तक्रार न करता वीज घेतली. गाडीला कोणी हातही लावला नव्हता.

याच ठिकाणी एक धोकादायक आडवाट रूढ होत चालली आहे आणि तिच्याविषयी स्पष्ट लिहिले पाहिजे. सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ या दोन वायरी एकमेकींना जोडून टाकल्या की गाडी फसते आणि चार्जिंग सुरू होते. असे तयार प्लगही मिळतात. पण वादळात खांबावरची न्यूट्रल तार तुटली, आणि आपल्याकडे ती तुटते, तर गाडीच्या सगळ्या पत्र्यात २३० व्होल्ट उतरू शकतात. ओल्या अंगणात अनवाणी उभे राहून त्या गाडीच्या दाराला हात लावणारे आपल्याच घरातले लहान मूल असू शकते. कोणी कितीही अनुभवी वायरमन हा उपाय सुचवीत असला, तरी त्याला ठाम नकार द्यावा.

अर्थिंगखालोखाल वायरिंग येते. पंधरा-सोळा अँपिअरच्या सॉकेटवर गाडी सुमारे तीन किलोवॉट वीज सलग दहा-बारा तास घेते. गीझर इतका वेळ कधी चालत नाही, म्हणून गीझरसाठी टिकलेली वायर गाडीसाठी टिकेलच असे नाही. सॉकेट गरम होणे, प्लग पिवळा पडणे ही वितळण्याआधीची लक्षणे आहेत. मीटरपासून स्वतंत्र, किमान चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, चांगला औद्योगिक सॉकेट, गळती होताच वीज तोडणारे आरसीसीबी आणि वीज कडाडण्याच्या दिवसांसाठी सर्ज संरक्षक, एवढे करून घ्यावे. सात किलोवॉटचा चार्जर हवा असेल तर महावितरणकडून मंजूर भार आधी वाढवून घ्यावा लागतो. गावाच्या शेवटच्या खांबावर घर असेल आणि संध्याकाळी दिवे मंद होत असतील, तर व्होल्टेज पडल्याने चार्जिंग थांबते; पहाटेची वेळ लावून ठेवली की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो.

आणि वीजच गेली तर? निसर्ग चक्रीवादळानंतर, जून २०२० मध्ये, दापोली-मंडणगड-श्रीवर्धन भागातल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. हा आक्षेप खोडून काढता येत नाही. वादळाचा इशारा आला की गाडी पूर्ण भरून ठेवावी, आणि घरात एकच वाहन असेल व वीज सतत जात असेल, तर गाडी घेण्यापूर्वी पुन्हा विचार करावा.

महामार्गावरचा चार्जर चालू असेलच, असे नाही

नकाशावर चार्जर दिसतो याचा अर्थ तिथे चार्जर उभा आहे, एवढाच होतो. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरातील ६५७ फास्ट चार्जिंग गन, म्हणजे गाडीत लावायचे केबलचे प्लग, प्रत्यक्ष तपासल्या, तेव्हा त्यांपैकी ७२.५ टक्केच चालू होत्या. इलेक्ट्रिक गाड्यांचे माहेरघर मानल्या जाणाऱ्या प्रदेशाची ही स्थिती, तर मुंबई-गोवा महामार्गाकडून वेगळी अपेक्षा कशी करावी? बिघाडांची कारणे सर्वत्र सारखीच आहेत: नेटवर्क नाही म्हणून पैसे स्वीकारले जात नाहीत, गाडी आणि चार्जर यांचे संभाषण मध्येच तुटते, किंवा गन तुटलेली असते. राज्याच्या नव्या धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे उद्दिष्ट आहे. ते पूर्ण होईल तेव्हा होवो, तोवर पुढच्या चार्जरपर्यंत नव्हे, त्याच्याही पुढच्या चार्जरपर्यंत पोहोचेल एवढी वीज हाताशी ठेवावी. गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत तर चालू चार्जरसमोरही रांग असते.

घाटाविषयी थोडक्यात. सावंतवाडीहून आंबोलीला गाडी सुमारे सहाशे मीटर वर चढते. माणसांसकट सतराशे किलोची गाडी तेवढी उचलायला, आतले नुकसान धरून, साधारण सव्वातीन युनिट वीज जास्त लागते, म्हणजे सपाटीवरचे वीस-बावीस किलोमीटर गेले. उतरताना मोटर उलट काम करून त्यातला बराच भाग परत भरते. पण वर मुक्कामाला बॅटरी शंभर टक्के भरून उतरायला लागलात, तर परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. घाटमाथ्यावरून निघताना बॅटरी थोडी रिकामी असलेली बरी.

पाऊस, पूर आणि खारे पाणी

साध्या पावसाची भीती बाळगण्याचे कारण नाही. बहुतेक गाड्यांच्या मोठ्या बॅटरीला आयपी ६७ हा दर्जा असतो, म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास बुडवूनही आत पाणी शिरता कामा नये. मात्र ही चाचणी नव्या बॅटरीची, स्वच्छ पाण्यातली आणि अर्ध्या तासाची असते. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणमध्ये वाशिष्ठीचे पाणी घरांच्या पहिल्या मजल्यापर्यंत चढले आणि तासन्‌तास राहिले. अशा पुराची हमी कोणताही दर्जा देत नाही.

खारे पाणी त्याहून वाईट. सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्याला इयान वादळाने झोडपले, तेव्हा समुद्राच्या पाण्यात बुडालेल्या काही इलेक्ट्रिक गाड्या पाणी ओसरल्यानंतर पेटल्या. पाणी सुकले तरी मीठ आत राहते, ते वीज वाहून नेते आणि हळूहळू शॉर्टसर्किट होते. खाडीकाठी राहणाऱ्यांनी म्हणून एक नियम पाळावा: तळापर्यंत पाण्यात गेलेली गाडी चालू करू नये, चार्जिंगला लावू नये आणि घरापासून, गोठ्यापासून किमान पंधरा मीटर दूर, उघड्यावर ठेवावी. विमा कंपनीला कळवून ती उचलून न्यायला लावावी. बुडालेली गाडी चालू करण्याच्या प्रयत्नात झालेले नुकसान विम्यात नाकारले जाऊ शकते, हेही लक्षात असू द्यावे.

खारी हवा रोज थोडेथोडे काम करीत असते. इलेक्ट्रिक गाडीत वेग कमी करण्याचे बहुतेक काम मोटर करते, ब्रेक क्वचित लागतात, आणि न वापरलेल्या ब्रेकच्या डिस्कवर समुद्राकाठी गंज चढतो. रस्ता मोकळा असताना अधूनमधून ब्रेक जोरात दाबून तो घासून काढावा. चार्जिंगच्या तोंडावरचे झाकण नीट बंद ठेवावे. आणि उंदीर. भातकापणीनंतर शेतातून घराकडे येणारे उंदीर बॉनेटखाली घरटे करतात आणि वायरी कुरतडतात. साध्या गाडीत वायरमन टेप लावून भागवतो. नारिंगी रंगाच्या उच्च दाबाच्या केबलला असा हात लावता येत नाही, ती पूर्ण बदलावी लागते. त्या केबलचे आवरण किंचित जरी उघडे पडले आणि वीज सांगाड्याकडे झिरपू लागली, तरी गाडी स्वतःहून बंद होते.

गाडी पेटली तर?

जून २०२२ मध्ये वसईत एक इलेक्ट्रिक मोटार पेटल्याचे चित्रण देशभर पाहिले गेले आणि केंद्र सरकारने चौकशीचे आदेश दिले. सेलमध्ये निर्मितीचा दोष असू शकतो, हेही खरे: शेवरले बोल्ट या गाडीच्या सेलमध्ये असे दोष सापडल्याने जगभरात २०२१ पर्यंत सुमारे १ लाख ४० हजार गाड्या परत बोलावाव्या लागल्या, आणि भारतात डिसेंबर २०२० मध्ये ह्युंदाई कोनाच्या ४५६. तरीही प्रमाण पाहिले पाहिजे. स्वीडनमध्ये २०२२ साली रस्त्यावर असलेल्या सहा लाखांहून अधिक इलेक्ट्रिक व हायब्रिड (वीज आणि इंधन दोन्हींवर चालणाऱ्या) मोटारींपैकी २३ गाड्यांना आग लागल्याची नोंद आहे, आणि पेट्रोल-डिझेल गाड्यांतले आगीचे प्रमाण त्याहून कित्येक पट जास्त आहे. अर्थात इलेक्ट्रिक गाड्या वयाने लहान आहेत, हे धरून तुलना करावी. भारतात ३१ मार्च २०२३ पासून मोटारींच्या बॅटरीसाठी सुरक्षेचे कडक मानक पूर्णपणे लागू झाले आहे. जुनी गाडी विकत घेताना तिची निर्मिती त्याआधीची आहे की नंतरची, हे जरूर पाहावे.

"पेट्रोलची गाडीही बंद पडतेच की!"

पडते, आणि जास्त वेळा पडते. पण ती लांज्यात बंद पडली तर लांज्यातलाच मेकॅनिक ती चालू करतो. इलेक्ट्रिक गाडीत उच्च दाबाच्या भागाला प्रशिक्षण नसलेल्याने हात लावणे जिवावर बेतू शकते, सुटे भाग खुल्या बाजारात मिळत नाहीत, आणि लहानसा भाग बिघडला तरी सबंध डबा बदलायचा असे कंपन्यांचे धोरण असते. शिवाय पुढची किंवा मागची जी चाके मोटरला जोडलेली असतात, ती जमिनीवर ठेवून गाडी ओढून नेता येत नाही, कारण चाकांबरोबर मोटर फिरते, तिच्यात वीज तयार होते आणि इलेक्ट्रॉनिक्स जळू शकते. गाडी पूर्ण उचलून पाठीवर घेणारी फ्लॅटबेडच लागते, आणि ती आडगावातल्या अरुंद, घसरड्या रस्त्यावर पोहोचेलच याची शाश्वती नसते. कोकणापुरता भरवशाचा खरा अर्थ म्हणूनच बिघाड किती वेळा होतो यापेक्षा तो झाल्यावर गाडी किती दिवस उभी राहते, असा धरला पाहिजे, आणि हे उत्तर एकाच मॉडेलसाठी पनवेलमध्ये एक आणि वेंगुर्ल्यात दुसरे असते.

वाद झालाच तर एक तरतूद फार कमी जणांना माहीत असते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार गाडी पुण्यात किंवा मुंबईत घेतलेली असली, तरी तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. सिंधुदुर्गच्या माणसाने त्यासाठी घाट चढून जाण्याची गरज नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. प्रत्येक बिघाडाच्या वेळी स्क्रीनवरच्या संदेशाचा फोटो, तारीख आणि सर्व्हिस सेंटरचा जॉबकार्ड जपून ठेवावा, कारण सॉफ्टवेअरचा दोष पुढच्या अपडेटनंतर पुरावा न ठेवता नाहीसा होतो.

गाडी पाहायला जाल तेव्हा पल्ला आणि स्क्रीनचा आकार यांच्याआधी सर्व्हिसविषयी विचारा. उच्च दाबाचे काम करण्याचे प्रशिक्षण घेतलेला माणूस तुमच्या घराला जवळच्या कोणत्या सर्व्हिस सेंटरमध्ये बसतो, तो एकटाच आहे का, तो रजेवर असताना काम कोण पाहते, फ्लॅटबेड कुठून येते आणि किती किलोमीटरपर्यंत फुकट येते, गाडी दोन दिवसांहून जास्त अडकली तर बदली गाडी मिळते का, हे लेखी मागा. नंतर त्या सर्व्हिस सेंटरला स्वतः जा, आवारात उभ्या असलेल्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या मालकांपैकी एखाद्याला गाठून ती किती दिवस तिथे आहे ते विचारा, आणि मगच आगाऊ रक्कम भरा.